चार नंबरचा प्लग

आमच्या कॅनडातल्या विनिपेगमध्ये हिवाळ्यात एखाद्याची बायको पळून गेली तर लोक दोन दिवस बोलतात. एखाद्याचा प्लग गेला तर हिवाळाभर बोलतात.

प्लग म्हणजे गाडी लावायची जागा आणि तिथल्या खांबावरचं विजेचं सॉकेट. आमच्याकडच्या गाडीच्या नाकातून वायर लोंबत असते. ती खांबाला जोडली की इंजिन कोमट राहतं. उणे तीसमध्ये बिनवायरची गाडी सात-आठ तास उभी करून बघा. किल्ली फिरवली की म्हातारं खाकरल्यासारखा एक आवाज येतो, आणि दुसऱ्यांदा फिरवली की तोही येत नाही.

आमच्या बेकरीत माणसं अडतीस आणि प्लग दहा. ज्याची नोकरी जुनी त्याचा प्लग. आणि एक रीत होती, कुठं लिहिलेली नव्हती पण कुणी मोडलीही नव्हती. निवृत्त होणारा माणूस शेवटच्या दिवशी जेवणाच्या खोलीत केकचा तुकडा हातात घेऊन उभा राहतो आणि एक नाव घेतो. ज्याचं नाव घेईल, त्याला त्याचा प्लग. मग तो माणूस काल कामाला लागलेला असला तरी चालतं. मला चार नंबर असाच मिळाला, भट्टीवरच्या एका म्हाताऱ्याकडून. दाराला लागून, भिंतीच्या आडोशाला. राजाची जागा.

आता गंमत अशी की माझ्याकडं गाडी नाही. होती. गंजून तिचा तळ सेलकर्क रस्त्यावर गळून पडला त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून मी सायकलनं येतो. सव्वासहा किलोमीटर, सकाळी जाताना वारा तोंडावर, दुपारी येताना पण तोंडावर. कसं काय ते मला विचारू नका. टायरला लोखंडी खिळे, हँडलला कातड्याचे दोन मोठे मोजे कायमचे बांधलेले, हात त्यात कोपरापर्यंत घालायचे. तोंडावर बायकोनं विणलेली टोपी, डोळ्यांपुरती दोन भोकं. श्वासाचं बर्फ होऊन पापण्या चिकटतात. एक डोळा चिकटला तर चालवत राहायचं. दोन्ही चिकटले की थांबायचं.

बावीस वर्षं माझी सायकल चार नंबरला, खांबाला टेकून, राजासारखी उभी. कुणी हूं की चूं केलं नाही. माझ्या प्लगावर लोक कॉफीची किटली लावायचे.

मग नोव्हेंबरात ब्रेंट आला.

बेकरी दुसऱ्या मालकानं घेतली आणि हा नवा साहेब पाठवला. वय चौतीस, दाढी पट्टी लावून कापल्यासारखी. वाईट माणूस नव्हता. हसायचा, सगळ्यांना नावानं हाक मारायचा. पण त्याला कागद लिहायची खोड. पहिल्याच आठवड्यात त्यानं प्लगांचा कागद भिंतीवर लावला. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून एर्लिंडानं मोठ्यानं वाचून दाखवला. वाहन सकाळी यायला पाहिजे आणि सुटीनंतर जायला पाहिजे, ज्याचा प्लग त्यानंच आणायचं आणि त्यानंच न्यायचं. उभं असेपर्यंत वायर जोडलेली पाहिजे आणि वीज ओढली गेली पाहिजे. एकाच्या प्लगावर दुसऱ्याची वायर लावायची नाही. एका महिन्यात तीन दिवस चुकलं की प्लग यादीतल्या पुढच्या माणसाला.

"आणि निवृत्तीची रीत?" मी विचारलं.

"ती चालू ठेवू की, नेस्टर," ब्रेंट म्हणाला. "मला फार आवडली. पण त्या दिवसापर्यंत प्लग तुमच्याकडं राहिला पाहिजे ना."

मी फेब्रुवारीच्या अखेरीला निवृत्त होणार होतो. आणि मी कुणाचं नाव घेणार हे अख्ख्या बेकरीला माहीत होतं. एर्लिंडाचं.

एर्लिंडा माकारायेग आमच्याकडं पीठ तोडायच्या यंत्रावर अकरा वर्षं. मनिलाहून आलेली, एवढीशी बाई, मला दादा म्हणते. आमची पाळी तीनला सुटते आणि चारला तिची दुसरी नोकरी सुरू होते, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात. तिची एक जुनी निळी गाडी, याच ऑक्टोबरात घेतलेली. प्लग नाही, म्हणून ती दर दोन तासांनी एप्रन घालूनच बाहेर पळायची, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायची आणि परत यायची. तरी एखाद्या दिवशी तीनला गाडी मरायचीच. वृद्धाश्रमातल्या बाईनं तिला दोनदा बजावलं होतं. तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊ नकोस.

"दादा, फेब्रुवारीपर्यंत मी ढकलते," ती म्हणायची. "मग तुमचा चार नंबर."

आणि यादीत पुढचं नाव होतं लायल फ्रीसनचं. लायल माल भरायच्या फलाटावर काम करायचा. त्याचा ट्रक इतका उंच की चढायला पायरी, आणि पायरीला पण दिवा. एवढ्या ट्रकमध्ये तो एकटा यायचा, मांडीवर डबा घेऊन.

दुसऱ्या दिवशी ब्रेंट पाटी-पेन घेऊन प्लग तपासत फिरला. चार नंबरजवळ थांबला.

"नेस्टर, इथं वाहन नाही."

"ही काय सायकल."

"सायकल वाहन आहे?"

"मग मी काय कुणाच्या खांद्यावर बसून आलो?"

त्यानं कागद काढला, वाचला, उलटा केला, परत वाचला. कागदावर इंजिनाचा शब्द नव्हता. ते त्याच्या लक्षात आलं आणि माझ्या पण आलं. तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "ठीक आहे. वाहन आहे. पण वायर जोडलेली नाही. आज एक फुली."

फलाटावरून लायल ओरडला, "नेस्टर, दोन राहिल्या!"

"तुझ्या पायरीचा दिवा विझव आधी!" मी म्हटलं.

संध्याकाळी मी भंगारवाल्याकडं गेलो. तिथं मोडक्या गाडीच्या तेलाच्या टाकीखाली चिकटवतात तो रबरी गरम पट्टा मिळाला, अंगठ्याएवढा जाड, तळहाताएवढा रुंद, हातभर लांब. वायर लांब. दुसऱ्या दिवशी तो मी सायकलच्या पेडलापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत गुंडाळला, तारेनं आवळला, आणि वारा लागू नये म्हणून वरून आमच्या घरातली जुनी रजई. वायर खांबाला लावली. ब्रेंटनं हात लावून बघितलं.

"गरम आहे," तो म्हणाला. आश्चर्य वाटलं त्याला.

"आहे ना. वीज ओढते. लिही."

त्यानं बरोबरची खूण केली.

तीन वाजता मी रजई काढली, पट्टा सोडला, बसलो आणि पेडल मारलं. पेडल भिंगरीसारखं फिरलं. सायकल जागच्या जागी.

आता हे ज्यानं बर्फात सायकल चालवलीये त्यालाच कळेल. हिवाळ्यातली सायकल थंडच ठेवायची असते. माया करून घरात घेतली, शेगडीजवळ उभी केली, की मेली. तिच्या चाकाच्या पोटात दाती असतात, बारीक, त्या धरतात म्हणून चाक फिरतं. उबेला बर्फ वितळतं, पाणी त्या दात्यांत जातं, आणि बाहेर काढली की पाच मिनिटांत त्याचं बर्फ. दाती चिकटून बसतात, काही धरत नाहीत. पेडल मारा, देवाचं नाव घ्या, सायकल हलणार नाही. बावीस वर्षं मी माझी सायकल बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली होती, गाईसारखी. आणि आता मी तिला दिवसभर रजईत शेकत होतो.

त्या दिवशी मी सव्वासहा किलोमीटर सायकल ढकलत गेलो. एक पाय पेडलावर, एक पायानं रस्ता मागं लोटायचा. बर्फ नांगरणारी गाडी नुकतीच गेलेली, कडेला कमरेएवढा बांध, आणि मधे गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या काचेसारख्या. एका चाकोरीत शिरलात की ती नेईल तिथं जायचं. ती मला एका न्हाव्याच्या दुकानात घेऊन गेली.

घरी पारास्का, माझी बायको, दारात उभी.

"काय रे म्हाताऱ्या, सायकल तुला आणते का तू सायकलला?"

"पट्ट्यानं गोठली."

"पट्टा गरम ना?"

"गरम म्हणूनच गोठली."

तिनं माझ्या कपाळाला हात लावला.

पुढचे आठ दिवस सगळ्यांनी अक्कल दिली. भट्टीवाले म्हणाले वोडका ओत. ओतली. सायकलला वास येत राहिला, बाकी काही नाही. एकजण म्हणाला गरम कॉफी. ती ओतली तर गोठली ती गोठली, वर साखर पण चिकटली. लायल फलाटावरून म्हणाला, "मूत त्याच्यावर." मी म्हटलं, "तू ये, तुझी उंची बरोबर आहे." वायर काढून ठेवावी तर ब्रेंट कधी टपकेल नेम नाही. एकदा मी दोनला काढली तर तो सव्वादोनला आला. दुसरी फुली. महिना उलटल्यावर फुल्या पुसल्या जायच्या, पण महिना पुरा व्हायला अजून सतरा दिवस होते.

एर्लिंडा माझ्यासोबत उभी राहून त्या गोठलेल्या चाकाकडं बघायची.

"दादा, सोडून द्या. लायलला जाऊ द्या प्लग. माझ्यासाठी ढकलत जाता, मला जेवण जात नाही."

"तू तुझं जेव," मी म्हटलं. "माझा प्लग आहे, मी कुणाला द्यायचा ते मी ठरवणार. फुकट लायलच्या पायरीच्या दिव्याला नाही देणार."

मग मला सुचलं. एक सायकल वाहन म्हणून प्लगावर शेकायची आणि दुसरी थंड ठेवून चालवायची. शेजारच्या तळघरात एक जुनी पडली होती. पहिल्या दिवशी मी शेकायची सायकल ढकलत नेली, चार नंबरला लावली आणि तिथंच सोडून आलो. दुसऱ्या दिवशी थंड सायकलवर मजेत शिट्टी वाजवत आलो तर ब्रेंट चार नंबरला उभा.

"नेस्टर, ही काल गेली नाही."

"नाही."

"वाहन सुटीनंतर गेलं पाहिजे. तुम्हीच आणलं पाहिजे, तुम्हीच नेलं पाहिजे. नाहीतर सगळे आपल्या भंगार गाड्या इथं टाकून जातील." तो खरंच वाईट वाटून म्हणाला. "आज फुली नाही देत. उद्यापासून."

म्हणजे दोन्ही सायकली रोज न्यायच्या आणि रोज आणायच्या.

आमच्या नातवंडांची लांब लाकडी घसरगाडी होती, बर्फावर ओढायची. तिच्यावर शेकायची सायकल आडवी निजवली, रजईत गुंडाळली, दोरीनं करकचून बांधली, आणि दोरीचं टोक थंड सायकलच्या बैठकीला. निघालो. पुढं मी, मागं ती. पहिल्या दिवशी सेलकर्क रस्त्यावर बस थांबली आणि ड्रायव्हरनं टोपी काढली. तिसऱ्या दिवशी चर्चमधून निघालेल्या दोन बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि एक पार दफनभूमीच्या कोपऱ्यापर्यंत माझ्या मागं चालत आली. मी वळलो नाही तेव्हा ती चिडली.

पाचव्या दिवशी पोलीस.

दिवे लावून गाडी आडवी घातली, काच खाली केली. तरुण पोरगा, मिशी नव्यानं आलेली.

"आजोबा, त्यात कोण आहे?"

"सायकल."

"कुणाची?"

"माझी."

"आणि तुम्ही बसलाय ती?"

"ती पण माझी."

"मग त्या सायकलवर का नाही बसत?"

"ती गरम आहे."

त्यानं गाडी बंद केली. मग खाली उतरला, रजईचं टोक उचललं, हात आत घातला. पट्टा मी घरी पण लावून ठेवायचो, सवयीनं, त्यामुळं खरंच अजून ऊब होती.

"गरम आहे," तो म्हणाला.

"सगळे तेच म्हणतात."

"कुठं नेताय तिला?"

"कामावर. तिथं तापवायला."

"गरम आहे म्हणून चालवत नाही. आणि तापवायला नेताय."

"तुमच्या साहेबानं कागद लिहिलेत का कधी?" मी विचारलं.

तो म्हणाला, "रोज लिहितो." आणि गाडी बाजूला घेतली. त्यानंतर दिसला की हात करायचा.

डिसेंबर गेला, जानेवारी आला. उणे अडतीसला घसरगाडी पण घसरत नाही, बर्फ वाळूसारखं होतं, ओढलं की करवतीसारखा आवाज करतं. साल्टरच्या पुलाच्या चढावर मी उतरून दोन्ही सायकली एकामागं एक ओढायचो. वर पोचलो की उतारावर उलटं. घसरगाडी मागून पळत येऊन माझ्या मागच्या चाकावर आदळायची. एकदा तिनं मला मागं टाकलं. पुढं ती, मागं दोरीनं मी. खाली आगगाडीचे रूळ, कडेला कामगार उभे. एकजण म्हणाला, "आजोबा, म्हातारी पुढं चालली!"

"तिला घाई आहे," मी म्हटलं.

पारास्का रोज रात्रीच्या जेवणाला पिरोग्या, म्हणजे बटाटा भरलेले उकडलेले कानवले, वाढायची आणि रोज एकच विचारायची. "एका प्लगासाठी?"

"प्लगासाठी नाही. तिला चारला पोचायचंय."

"मग तूच तिला घसरगाडीवर घालून पोचव की."

फेब्रुवारीच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की एर्लिंडा आता दर दोन तासांनी बाहेर पळत नाही. मी म्हटलं, "काय गं, गाडी सुधारली वाटतं?"

"सुधारली, दादा," ती म्हणाली आणि पिठाकडं बघत राहिली.

मला बरं वाटलं. आणखी दोन आठवडे. पट्टा, रजई, घसरगाडी. ब्रेंटची एकही नवी फुली नाही. आता तो तपासायला आला की माझ्या सायकलवरची रजई नीट करून जायचा.

शेवटचा दिवस उजाडला. अडतीस जण जेवणाच्या खोलीत. केक आमच्याच भट्टीचा, वर साखरेची सायकल काढलेली, तिला दोरी, दोरीला आणखी एक सायकल. मी तुकडा उचलला आणि म्हटलं, "चार नंबर. एर्लिंडा माकारायेग."

टाळ्या. लायल पण वाजवत होता, जरा हळू.

एर्लिंडा उभी राहिली आणि रडायला लागली. मला वाटलं आनंदानं. पण ती बसेचना आणि थांबेचना.

"दादा, माझी गाडी मेली."

"वायर लाव, सुरू होईल."

"तशी नाही मेली. पार मेली. सतरा दिवस झाले. इंजिन फुटलंय, घराजवळच्या रस्त्याला उभी आहे. मी दोन बसेस बदलून येते. तीनला पळत सुटते, चारला पाच कमी असताना पोचते, परवा चारला एक मिनिट कमी होतं. तुम्ही सायकल ओढत यायचा, मला सांगवेना."

मी केकचा तुकडा खाली ठेवला.

मी ब्रेंटकडं बघितलं. त्याचा चेहरा पडला होता, पण खिशातून कागद अर्धा बाहेर आला होता.

"वाहन नसेल तर," तो हळू म्हणाला, "उद्या एक फुली, परवा एक..."

"अरे बाबा, पंधरा मिनिटं तरी थांब!" भट्टीवाल्यांतून कुणीतरी ओरडलं.

"आणि मग पुढचा कोण?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती. सगळ्या माना फलाटाकडच्या बाकाकडं वळल्या.

लायलचं तोंड केकनं भरलेलं होतं. त्यानं गिळलं. घास अडकला, पाणी प्यायला. तो भला मोठा माणूस, पण सदतीस जण बघायला लागले की माणूस लहान होतो.

"माझ्याकडं काय बघता?" तो म्हणाला. "मी काय मागितला का?"

"नोव्हेंबरपासून मागतोयस!" तीन-चार जण एकदम.

"ते वेगळं. तेव्हा तो प्लग एका सायकलचा होता." त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. "हा म्हातारा तीन महिने रजईतली सायकल ओढत आणतो, आणि आता मी तिथं ट्रक लावला तर माझी आई मला रविवारी घरात घेईल का? सांगा ना. घेईल का?"

त्याची आई कोण हे आम्हाला माहीत नव्हतं, पण सगळ्यांनी नाही म्हटलं.

लायल उठला. ब्रेंटसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, कागद वाचा. वाहन चाललं पाहिजे असं लिहिलंय?"

ब्रेंटनं वाचलं. "वाहन सकाळी आलं पाहिजे आणि सुटीनंतर गेलं पाहिजे. ज्याचा प्लग त्यानं आणलं पाहिजे."

"ती आत बसली आणि चाक तिच्या हातात असलं तर तिनं आणलं?"

ब्रेंटनं दाढी खाजवली. "आणलं."

"आणि वीज? फुटलेलं इंजिन वीज ओढतं?"

"इंजिन शेकायचा हीटर चांगला आहे," एर्लिंडा नाक पुसत म्हणाली. "हीटर मागच्याच वर्षी नवा बसवला."

"मग झालं," लायल म्हणाला. "तू ट्रान्सकोनालाच राहतेस ना? माझ्या रस्त्यातच. सकाळी सहाला वायर काढून तयार राहा. मी ओढतो."

"अरे, मग तुझ्याच ट्रकमध्ये बसेल ना ती!" मी म्हटलं. "ऊब आहे, खुर्च्या आहेत, पायरीला दिवा आहे!"

"आणि प्लग?" लायल माझ्यावर खेकसला. "प्लगावर काय उभं राहील? तुझी आजी? उन्हाळ्यात तिला इंजिन मिळालं की पुढच्या हिवाळ्यात प्लग कुठून आणणार? तुला एवढं साधं कळत नाही आणि तीन महिने सायकल ओढत होतास!"

बरोबर होतं त्याचं.

सोमवारी मी निवृत्त माणूस. सकाळी साडेपाचला उठलो, सवयीनं, आणि बघायला गेलो. सायकल एकच, थंड, घसरगाडी नाही, पायात एवढा हलकेपणा की दोनदा पडलो. सात वाजता बेकरीच्या फाटकातून लायलचा ट्रक आत आला. मागं पिवळा पट्टा ताणलेला, पट्ट्याला निळी गाडी, काचा आतून पांढऱ्या झालेल्या. चाकामागं एर्लिंडा, तीन टोप्या घालून. मेलेल्या गाडीत आत गरम हवा येत नाही, म्हणून पायावर रजई. रजई ओळखीची होती. पारास्कानं दिली होती, मला न सांगता.

लायलनं गाडी चार नंबरला अगदी अलगद उभी केली. एर्लिंडा उतरली, गाडीच्या नाकातली वायर काढली, खांबाला लावली. ब्रेंटनं येऊन बॉनेटला हात लावला.

"थोड्या वेळात तापेल," एर्लिंडा म्हणाली.

"वाट बघतो," ब्रेंट म्हणाला, आणि खरंच उभा राहिला.

तेव्हापासून रोज तसंच. फुटलेलं इंजिन दिवसभर शेकलं जातं, आणि तीनला लायल ते ओढत वृद्धाश्रमाच्या दारात नेतो, तिला उतरवतो, आणि गाडी तिच्या घरापुढं ठेवून मगच आपल्या घरी जातो. परत येताना ती बसनं येते, तेव्हा घाई नसते. लायल मला म्हणतो की एवढ्या ट्रकला पहिल्यांदाच काम मिळालंय. पायरीचा दिवा त्यानं काढून निळ्या गाडीच्या मागं लावला, कारण तिचे दिवे पण मेलेत.

मी घरात बसत नाही. पारास्का बसू देत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, उणे सव्वीस, मी साल्टरच्या पुलावरून उतरत होतो. खिळे बर्फाला कर्र कर्र चावत होते, एक डोळा चिकटलेला. मागून भोंगा वाजला. मान वळवली. ट्रक येत होता, आणि ट्रकच्या मागं नाही, शेजारी, निळी गाडी. उतारावर ती वेगात आली होती, पट्टा खाली लोंबत होता, आणि दोघं बरोबरीनं येत होते, शर्यतीतल्या घोड्यांसारखे. लायल खिडकीतून हात हलवत ओरडत होता, "हाण ब्रेक! हाण!"

एर्लिंडाची काच गोठून बसलेली, म्हणून तिनं दार उघडलं आणि डोकं बाहेर काढलं.

"दादा, बाजूला व्हा! ब्रेक लागत नाहीत!"

मी बाजूला झालो. म्हणजे सायकल बाजूला झाली आणि मी बांधावरून पलीकडं, कमरेपर्यंत बर्फात. आधी निळी गाडी गेली, मग पट्टा, मग पट्ट्यानं ओढल्यासारखा लायलचा ट्रक. खाली सपाटीला ट्रक पुढं झाला, पट्टा परत ताणला गेला, आणि दोघं वृद्धाश्रमाच्या वळणाला लागले.

मी मोजा काढून घड्याळ बघितलं. चारला नऊ मिनिटं कमी होती.